पहिला आला तरी हरला कसा? शॉर्ट ट्रॅक स्केटिंगबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपवर लेख दिला होता, त्यावर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बर्फावरची शर्यत, वर्षातून कधीतरी टीव्हीवर दिसणारी, तिच्यावर कोण काय विचारणार असं सगळ्यांचं मत होतं आणि मी एकटीच भांडत होते. आता पत्रांचा गठ्ठा समोर आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि एका प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय कारण तो वाचून मला गप्प बसवेना.

प्रश्न : स्पीड स्केटिंग म्हणजे दोघं जण आपापल्या लेनमधून पळतात आणि टायमिंग बघतात, असंच मी आजपर्यंत समजत होतो. यात पाच-सहा जण एकदम सुटतात, आधी फिरायला आल्यासारखे हळू जातात आणि मग अचानक अंगात आल्यासारखे पळत सुटतात. हा त्याच खेळाचा प्रकार आहे की वेगळाच खेळ?

उत्तर : वेगळाच समजा. तुम्ही म्हणताय ते लाँग ट्रॅक. तिथे 400 मीटरचा मोठा ट्रॅक, दोघादोघांच्या जोड्या, आणि सगळ्या जोड्या पळून झाल्या की ज्याचा टाइम सगळ्यात कमी तो जिंकला. शॉर्ट ट्रॅक होतं ते आईस हॉकी किंवा फिगर स्केटिंगच्या रिंकवर, साधारण 60 बाय 30 मीटरच्या, आणि त्यात बसवलेली एक लॅप 111.12 मीटरची असते. लेन नाहीतच. कॉर्नरला काळे रबरी ठोकळे ठेवलेले असतात, त्यांच्या आतून जायचं नाही एवढीच काय ती हद्द. 500 मीटर म्हणजे साडेचार लॅप, 1000 म्हणजे नऊ, 1500 म्हणजे साडेतेरा.

आणि मुख्य गोष्ट अशी की इथे घड्याळाला फारसं कुणी विचारत नाही. हीटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गटवार शर्यतीत, पहिल्या दोघांत-तिघांत आलात की पुढच्या राउंडला गेलात, मग तुम्ही रेकॉर्ड करा नाहीतर रमतगमत या. एखाद्या राउंडला मागे राहिलेल्यांतून टाइम बघून एखाद-दुसऱ्याला आत घेतात, पण फायनलमध्ये फक्त नंबर. म्हणून ते हळू जाणं. पुढे जो असतो तो सगळ्यांसाठी हवा कापत असतो, मागचे त्याच्या आडोशाला दम वाचवत असतात, त्यामुळे 1500 ला सुरुवातीला पुढे राहायला कुणीच तयार नसतं, आणि मग पाच-सहा लॅप उरल्या की मागे राहण्याची भीती दम वाचवण्याच्या हिशोबापेक्षा मोठी होते आणि सगळे एकदम सुटतात. 500 ला मात्र असं काही नाही, तिथे बंदूक वाजल्यापासून पहिल्या कॉर्नरपर्यंत जो आत घुसला त्याने अर्धी शर्यत मारली. चीनच्या वू दाजिंगने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये सॉल्ट लेक सिटीला 39.505 सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, म्हणजे उभ्याने सुरुवात धरूनसुद्धा सरासरी ताशी 45 किलोमीटरच्या वर, आणि तेही एवढ्याशा रिंकमध्ये सारखं वळत वळत.

प्रश्न : आमच्या घरी या खेळावरून वाद झाला. जो सगळ्यात आधी रेषेवर पोचला त्याने हात वर केले, नाचला, आणि पाच मिनिटांनी रेफ्रीने दुसऱ्यालाच विजेता केलं. ही कसली पद्धत? मग पळायचं कशाला?

उत्तर : तुमच्या घरातला वाद जगभर झालेला आहे. 2002 ला सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरला कोरियाचा किम डाँग-सुंग आधी पोचला होता, देशाचा झेंडा हातात घेऊन तो चालू लागला होता, आणि तेव्हाच कळलं की अमेरिकेच्या अपोलो ओनोला अडवल्याबद्दल तो बाद झालाय आणि गोल्ड ओनोला. कोरियात त्यावरून केवढा संताप झाला. वीस वर्षांनी बीजिंगच्या ऑलिंपिकला 1000 मीटरच्या फायनलमध्ये तेच, हंगेरीचा शाओलिन शांदोर लिऊ पहिला पोचला, व्हिडिओ बघून रेफ्रीने त्याला यलो कार्ड दिलं आणि गोल्ड गेलं चीनच्या रेन झिवेईला. यलो कार्ड म्हणजे नुसता इशारा समजू नका, त्या अंतरातला तुमचा निकालच पुसला जातो.

आता पद्धत कसली ते सांगते. नियमाचा गाभा साधा आहे. जो पुढे आहे त्याचा रस्ता त्याचा. मागून ओव्हरटेक करणाऱ्याने टक्कर झाली तर जबाबदारी त्याची, पण पुढच्यानेही प्रामाणिकपणे आपल्या रस्त्याने जायचं, मागून कुणी येतंय म्हणून मुद्दाम आडवं यायचं नाही, हाताने ढकलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पाच जण खांद्याला खांदा लावून वळतायत, प्रत्येकाचा तोल एका पातळ पात्यावर, आणि पुढच्याने रस्ता बदलला आधी की मागच्याने अंग घातलं आधी हे उघड्या डोळ्यांनी ठरवणं अशक्य आहे. म्हणून तर रेफ्री स्क्रीनसमोर मान घालून एवढा वेळ बसतो. मला विचाराल तर ती पाच मिनिटं खेळाचा भाग आहेत, आणि जे स्केटर रेषेनंतर लगेच नाचत नाहीत, गुपचूप गोल फिरत स्क्रीनकडे बघत राहतात, ते जुने मुरलेले समजावे.

अजून एक बारीक नियम, शेवटी रेषेवर पाय पुढे टाकताना ब्लेड बर्फावरच पाहिजे. वेळ धरली जाते ती ब्लेडचं टोक रेषेला पोचेल त्या क्षणाची, त्यामुळे सगळे शेवटी एक पाय लांब सरकवतात. नागानोच्या ऑलिंपिकला 1998 मध्ये कोरियाच्या किम डाँग-सुंग आणि चुन ली-क्युंग या दोघांनी 1000 मीटरची आपापली फायनल अशीच पाय सरकवून जिंकली, समोरचे चिनी स्केटर छातीने पुढे होते, पण ब्लेड यांचं आधी पोचलं! पाय हवेत उचलून झटकला तर मात्र मागच्याला लागू शकतं, तो फाऊल.

आणि ज्याला दुसऱ्याच्या चुकीमुळे फटका बसला त्याचं काय? तो पुढे जाण्याच्या जागेवर असेल तर रेफ्री त्याला पुढच्या राउंडला पाठवू शकतो. बीजिंगला पुरुषांच्या 1500 च्या फायनलला असे वाढत वाढत दहा जण उभे होते! कोरियाचा ह्वांग दे-हन आदल्याच शर्यतीत, 1000 च्या सेमीफायनलमध्ये, पेनल्टीने बाद झालेला होता. त्याने या वेळी काय केलं तर बऱ्याच लॅप शिल्लक असतानाच पुढे गेला आणि शेवटपर्यंत कुणाच्या अंगाजवळच आला नाही. कुणाला हात लावायची, कुणी हात लावायची वेळच येऊ दिली नाही. गोल्ड.

प्रश्न : स्टीव्हन ब्रॅडबरीचा व्हिडिओ बघून आम्ही मित्र पोट धरून हसलो. सगळे पडले आणि शेवटचा माणूस चालत येऊन गोल्ड घेऊन गेला. एवढं नशिबावर असेल तर त्याला खेळ म्हणायचं का, लॉटरी म्हणायला काय हरकत आहे?

उत्तर : हा तो प्रश्न.

व्हिडिओ मीही आधी असाच पाहिला होता, तेवढाच तुकडा, शेवटचा कॉर्नर आणि धडाधड पडणारी माणसं. 16 फेब्रुवारी 2002, सॉल्ट लेक सिटी, 1000 मीटर फायनल. पुढे ओनो, त्याच्या अंगावर चीनचा ली जियाजुन, कोरियाचा आन ह्यून-सू, कॅनडाचा मॅथ्यू टर्कोट, आणि चांगलाच मागे ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडबरी. शेवटच्या वळणावर ली ओनोच्या बाहेरून यायला गेला, घासाघाशी झाली, तो पडला, मग आन, ओनो, टर्कोट सगळे एकमेकांत अडकून भिंतीवर. ब्रॅडबरी मागून आला आणि रेषा ओलांडून गेला. ऑस्ट्रेलियाचंच काय, अख्ख्या दक्षिण गोलार्धाचं ते पहिलं हिवाळी ऑलिंपिक गोल्ड.

एवढंच बघितलं तर हसू येतं, कबूल. पण त्या तुकड्याच्या आधीची आठ वर्षं कुणी बघत नाही. 1994 ला माँट्रिअलच्या वर्ल्ड कपमध्ये दुसऱ्या स्केटरचं ब्लेड त्याच्या मांडीत घुसलं, जवळजवळ चार लिटर रक्त गेलं, 111 टाके पडले आणि पायात पुन्हा ताकद यायला दीड वर्ष लागलं. चार लिटर! माणसाच्या अंगात असतंच पाच-सहा लिटर. मग 2000 साली प्रॅक्टिसमध्ये समोर पडलेल्याला चुकवताना तो डोक्यावर भिंतीत गेला आणि मानेचे दोन मणके मोडले. डोक्याला धातूची चौकट लावून दीड महिना काढला, डॉक्टर म्हणाले आता बर्फावर परत जायचं नाव काढू नको. तो गेला. 2002 ला जेव्हा तो उभा राहिला तेव्हा त्याचं वय 28 होतं, बाकीचे त्याच्याहून लहान आणि वेगवान होते, आणि हे त्याला स्वतःला सगळ्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

आता लॉटरीचं. क्वार्टर फायनलला तो तिसरा आला होता आणि कॅनडाचा मार्क गान्यों बाद झाल्यामुळे पुढे गेला. त्यानंतर त्याने आणि कोचने बसून हिशोब केला की यांच्याशी वेगात मी जिंकू शकत नाही, त्यांच्यात घुसलो तर नुसता दमेन आणि पडेन, पण हे सगळे गोल्डसाठीच आलेत, दोन नंबरवर समाधान मानणारा यांच्यात एकही नाही, म्हणजे टक्कर व्हायची शक्यता मोठी, तर मी मागे मोकळ्या जागेत राहायचं. सेमीफायनलला तेच केलं, पुढचे पडले, तो फायनलला आला. फायनललाही तेच. म्हणजे बघा, जे झालं ते घडेल यावर त्याने पैज लावली होती, आणि पैज लावणं म्हणजे डोळे मिटून तिकीट काढणं नव्हे. मागे राहायचं तेही असं की पडणाऱ्यांच्या ढिगात आपण सापडणार नाही पण फार लांबही राहणार नाही, हे अंतर राखायला बारा वर्षांचा अनुभव लागतो, तेवढी वर्षं तो वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळत होता, 1991 ला रिलेचं वर्ल्ड टायटल आणि 1994 च्या ऑलिंपिकला रिलेचं ब्राँझ आधीच त्याच्याकडे होतं.

आणि एक गोष्ट वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ब्रॅडबरी पोटासाठी स्केटिंगचे बूट बनवायचा आणि त्याने ओनोला आपले बूट फुकट दिले होते, का तर ओनो जिंकणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं, जिंकल्यावर माझ्या बुटांबद्दल दोन शब्द बोल एवढीच त्याची विनंती होती. जिंकल्यावर तो स्वतः जे बोलला त्याचा अर्थ असा, की हे मेडल त्या दीड मिनिटासाठी घ्यायला मला संकोच वाटतो, पण आधीच्या दहा वर्षांसाठी मी ते घेतो. मित्रांना हे सांगून मग तोच व्हिडिओ परत लावा.

पण तुमच्या प्रश्नात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, नशीब आहे, आणि ते उलट्या बाजूनेही येतं, ती बाजू कुणी फॉरवर्ड करत नाही. ब्रिटनची एलिस क्रिस्टी. 2014 ला सोचीमध्ये तीन अंतरं खेळली, तिन्हीत बाद. त्यानंतर तिने हार मानली नाही, 2017 ला रॉटरडॅमला ती वर्ल्ड चॅम्पियन झाली, जगातली सगळ्यात तयारीची स्केटर म्हणून 2018 ला प्याँगचांगला गेली, आणि तिथे 500 च्या फायनलमध्ये पडली, 1500 च्या सेमीफायनलमध्ये पडून स्ट्रेचरवर गेली, आणि 1000 ला दुखऱ्या पायाने सुरुवातीलाच पडून पुन्हा उठून पळाली तर शेवटी बाद. दोन ऑलिंपिक, सहा शर्यती, मेडल एकही नाही. ब्रॅडबरीला लॉटरी लागली म्हणणाऱ्याने क्रिस्टीला काय म्हणायचं ते सांगावं. मी तिला या खेळातली अतिशय मोठी स्केटर म्हणते.

प्रश्न : वळताना सगळे डावा हात बर्फाला का लावतात? हात कापत नाही का?

उत्तर : ग्लोव्ह असतो. डाव्या ग्लोव्हच्या बोटांच्या टोकांना कडक, गुळगुळीत टोप्या बसवलेल्या असतात, त्या बर्फावरून सहज घसरतात. शर्यत कायम घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडेच, आणि वेगात एवढं तिरकं व्हावं लागतं की हात आपोआपच जमिनीपाशी जातो, त्याचा आधार कमी आणि अंदाज जास्त, आपण किती झुकलोय ते बोटांना कळतं.

याच कारणाने बूटही वेगळे असतात. ब्लेड बुटाच्या बरोब्बर मधोमध नसतं, डावीकडे सरकवलेलं असतं, नाहीतर एवढं झुकल्यावर बुटाची कड बर्फाला लागून माणूस उडेल. शिवाय पातं वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं असतं. लाँग ट्रॅकवाले जे टाच सुटी होणारे क्लॅप स्केट वापरतात ते इथे चालत नाहीत, इथे ब्लेड बुटाला पक्कं. टोकं गोल करावी लागतात, गळ्याला गार्ड, न कापणारा सूट, नडगीला पॅड, हेल्मेट, आणि भिंतीला जाड फोमच्या गाद्या. मांडीत घुसलेल्या ब्लेडची गोष्ट वर वाचलीत, त्यामुळे यातलं काहीच शोभेसाठी नाही हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : रिले बघताना काहीच कळत नाही. मधल्या जागेत एवढी माणसं फिरत असतात, कोण खेळतंय आणि कोण नाही?

उत्तर : पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. एका टीमचे चौघं, त्यातला एक ट्रॅकवर, बाकीचे आत फिरत असतात. पुढची पाळी ज्याची तो आतून वेग घेत ट्रॅकवर येतो, खाली वाकतो, आणि मागचा त्याच्या कमरेला दोन्ही हात लावून जोरात ढकलतो. बॅटन वगैरे नाही. नियमाने नुसता स्पर्श पुरतो, पण ढकलल्याने एकाचा सगळा वेग दुसऱ्याला मिळतो, म्हणून ढकलतात. साधारण दीड लॅपला एक बदल, आणि शेवटच्या दोन लॅप एकानेच करायच्या. बायकांची 3000 मीटर म्हणजे 27 लॅप, पुरुषांची 5000 म्हणजे 45 लॅप, आणि मिक्स्ड 2000 मीटर, ती ऑलिंपिकला 2022 पासून आली.

मिक्स्डची पहिलीच ऑलिंपिक फायनल चीनने इटलीला 0.016 सेकंदांनी हरवून जिंकली, आणि त्यावरही वाद, कारण सेमीफायनलमध्ये चीन तिसरा होता, पुढे अमेरिका आणि रशियाच्या टीमला पेनल्टी लागली म्हणून चीन आत आला, आणि चीनच्याच एका बदलात स्पर्श झालेला दिसत नव्हता. मला विचाराल तर तो निर्णय पटलेला नाही.

पण रिले बघायचीच असेल तर प्याँगचांगची बायकांची सेमीफायनल शोधून बघा. कोरियाची मुलगी पडली, अजून 23 लॅप बाकी. पडल्या पडल्या तिने हात लांब केला, चोई मिन-जाँगने तो धरला आणि सुटली. बाकीच्या टीम अर्धी लॅप पुढे. आता साधारण माणूस म्हणेल संपलं. त्या चौघींनी एकेका बदलाला थोडं थोडं अंतर खाल्लं, घाई कुठेच नाही, आणि शेवटी नुसत्या पात्र झाल्या असं नाही तर पहिल्या आल्या, ते पण ऑलिंपिक रेकॉर्ड करून. 4 मिनिटं 6.387 सेकंद, मध्ये एकदा पडून! फायनलही त्यांचीच. त्याच ऑलिंपिकला पुरुषांची रिले हंगेरीने जिंकली, हिवाळी ऑलिंपिकमधलं त्या देशाचं पहिलंच गोल्ड.

प्रश्न : वर्ल्ड चॅम्पियन नक्की कुणाला म्हणायचं? लेखात एकाच वर्षी तीन-चार नावं होती. आणि ऑलिंपिकपेक्षा ती मोठी की लहान?

उत्तर : लेखात हे स्पष्ट करायला हवं होतं. 2022 पर्यंत एक ओव्हरऑल चॅम्पियन असायचा. प्रत्येक अंतराच्या फायनलला पहिल्याला 34 पॉइंट, दुसऱ्याला 21, मग 13, 8, 5, 3, 2, 1, आणि शेवटी पॉइंटांत वर असलेल्यांची 3000 मीटरची सुपरफायनल, 27 लॅपची. सगळं मिळून ज्याचे जास्त तो जगज्जेता. 2023 पासून ते बंद झालं, आता प्रत्येक अंतराचा वेगळा चॅम्पियन. मला जुनी पद्धत जास्त आवडायची, कारण 500 ला लागणारा स्फोट आणि सुपरफायनलला लागणारा दम एकाच माणसात असणं हे फार दुर्मिळ आणि ते बघायला मिळायचं. आन ह्यून-सू 2003 ते 2007 सलग पाच वेळा ओव्हरऑल जिंकला होता, सलग पाच! मग त्याचं कोरियात फेडरेशनशी बिनसलं, दुखापत झाली, तो रशियात गेला, नाव व्हिक्टर आन झालं, सोचीला तीन गोल्ड घेतली, जशी आठ वर्षांपूर्वी ट्युरिनला कोरियासाठी घेतली होती, आणि त्याच 2014 ला रशियाकडून पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन.

ऑलिंपिक चार वर्षांनी येतं म्हणून मोठं वाटतं, आणि या खेळाला तिथे जागा मिळाली तीही उशिरा, 1988 ला कॅल्गरीत प्रदर्शनीय, 1992 ला आल्बेरव्हिलपासून मेडल. वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याच्याही आधीपासून आहे, 1976 ला अमेरिकेत शँपेन या गावी सुरू झाली, अधिकृत दर्जा 1981 पासून. जगातले सगळे चांगले दोन्हीकडे असतात, त्यामुळे मी लहान-मोठं करत नाही. एकच अपवाद आठवतो, 2021 ला डोर्डरेख्तला नेदरलँड्सच्या सुझान शुल्टिंगने एका चॅम्पियनशिपमध्ये सगळी वैयक्तिक अंतरं, ओव्हरऑल आणि रिले, सगळंच्या सगळं जिंकलं, पण कोविडमुळे कोरिया आणि चीन आले नव्हते, म्हणून लोक कुजबुजले. तिने पुढच्या वर्षी बीजिंगला सगळ्यांच्या समोर 1000 चं गोल्ड राखलं, क्वार्टर फायनललाच वर्ल्ड रेकॉर्ड करून, आणि रिलेही जिंकली. त्या टीमची एक मुलगी, लारा फान राउवेन, 500 मीटरची वर्ल्ड चॅम्पियन, 2020 ला ट्रेनिंग कँपमध्ये आजारी पडून 27 व्या वर्षी गेली होती. ते गोल्ड घेताना चौघीजणी तिच्यासाठी आकाशाकडे बघत होत्या, ते दृश्य मी विसरू शकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला घेऊन पहिल्यांदाच पूर्ण चॅम्पियनशिप बघणार आहे. नक्की कुठे बघायचं? मला तर पहिलाच दिसतो.

उत्तर : पहिल्याला सोडून द्या, कॅमेरा त्याची काळजी घेतोच. तिसऱ्यावर नजर ठेवा. तिसरा काय करतो यावर शर्यत ठरते. तो वळणातून बाहेर येताना थोडा रुंद गेला की समजा आता आतून घुसणार, सरळ पट्ट्यावर बाहेरून वेग घ्यायला लागला की पुढच्या वळणाला वरून येणार. बाहेरून जाणं म्हणजे जास्त अंतर कापणं, पण टक्कर नाही, आतून म्हणजे जवळचा रस्ता पण पेनल्टीची टांगती तलवार. मुलीला एक स्केटर निवडायला सांगा आणि त्याचं हेल्मेट तेवढंच बघायला सांगा, लहान मुलांना हे फार पटकन जमतं, दोन हीट झाल्या की तीच तुम्हाला सांगेल कोण कधी घुसणार.

इटलीच्या अरियाना फोंतानाची जुनी शर्यत मिळाली तर तिला दाखवा. 2006 ला ट्युरिनला ब्राँझ घेतलं तेव्हा ती 15 वर्षांची होती, 2018 आणि 2022 ला 500 चं गोल्ड, आणि बीजिंगपर्यंत एकूण 11 ऑलिंपिक मेडल. बीजिंगच्या फायनलमध्ये तिने आतून अशी जागा काढली की समोरच्या शुल्टिंगला कळायच्या आत ती पुढे होती आणि स्पर्शसुद्धा नाही.

प्रश्न : शर्यतींच्या मधे बादल्या घेऊन माणसं येतात आणि वळणावर पाणी ओततात, ते कशासाठी? बर्फ वितळत नाही का?

उत्तर : तुम्ही ते बघितलंत याचा फार आनंद झाला. वळणावर पाच-सहा जणांची ब्लेड एकाच रेषेत दाबली जातात, तिथे खाचा पडतात, आणि पुढच्या शर्यतीत त्या खाचेत कुणाचं पातं अडकलं की गेलाच. म्हणून पाणी, ते पटकन गोठतं आणि खाचा भरून निघतात. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून ठोकळे थोडे थोडे सरकवून अख्खा ट्रॅकच इकडेतिकडे हलवतात, एका रिंकवर अशा पाच जागा आखलेल्या असतात. आणि ऑलिंपिकला बऱ्याचदा याच बर्फावर फिगर स्केटिंगही असतं, प्याँगचांग आणि बीजिंग दोन्हीकडे तसं होतं, त्यांना बर्फ लागतो जरा मऊ आणि यांना कडक, तर मधल्या काही तासांत तापमान बदलून तोच बर्फ दुसऱ्यासाठी तयार करायचा. शर्यत चालू असताना उडालेला ठोकळा परत जागेवर ठेवायला धावणारीही हीच माणसं, पाच स्केटर पुढच्या लॅपला परत यायच्या आत, म्हणजे हातात आठ-नऊ सेकंद.